दाजींचा बंदोबस्त

समुद्रावर तंबूत राहायला जायचं ठरलंय, हे फोनवर ऐकल्यावर लातूरच्या दाजींनी पहिला प्रश्न विचारला, "तिथं पाण्याचं कसंय?"

"दाजी, समुद्र आहे."

"समुद्र आहे हे मलाबी कळतं. प्यायचं कसंय? वापरायचं कसंय? बोअर आहे का टँकर येतो? बोअर असंल तर किती फुटावर पाणी, अन् लाइट गेली तर मोटर कशावर?"

अलिबागच्या पुढे, नागाव-रेवदंड्याच्या पट्ट्यात, नारळी-पोफळीच्या वाडीत तंबू भाड्याने देणाऱ्या माणसाला मी हे सगळे प्रश्न जसेच्या तसे विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला. मुंबई-पुण्याची माणसं त्याला वायफाय आहे का, तंबूत कूलर आहे का, असलं विचारतात. बोअरची खोली त्याला पहिल्यांदाच कुणीतरी विचारली होती. "विहीर आहे," तो शेवटी म्हणाला. मी दाजींना कळवलं. दाजींचा पुढचा प्रश्न तयारच होता. "मे महिन्यात?"

असा माणूस लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत घरटी एक सापडतो. त्याच्याकडे बंदोबस्ताचं खातं असतं. ते त्याला कुणी दिलं हे कुणाला आठवत नाही. लग्नात मांडवाच्या मागे, आचाऱ्याच्या भट्टीपलीकडे, टाकीवर हात ठेवून उभा असलेला आणि एकाही फोटोत नसलेला जो असतो, तो हाच. नवरदेव घोड्यावरून पडला तरी चालेल, पण हात धुवायच्या पिंपाला तोटी बसली पाहिजे. शेवटच्या पंगतीला तो जेवतो आणि पहिला घास घेताना सांगतो, "दोन टँकर सांगितले होते, दीडातच भागलं." अर्धा टँकर उरला याचा जो आनंद त्याच्या तोंडावर दिसतो, तो मुलीच्या बापाच्या तोंडावरही नसतो.

आमचे दाजी तर या खात्यातले पक्के सरकारी. पंचायत समितीत टंचाईच्या टेबलावर त्यांनी नोकरी काढली. गाव, लोकसंख्या, मंजूर खेपा, झालेल्या खेपा, शेरा, एवढ्या रकान्यांत त्यांचे उन्हाळे गेले. आता निवृत्त झालेत, पण रकाने डोक्यातून गेलेले नाहीत. नातवाने दुसऱ्यांदा वरण मागितलं तरी ते म्हणतात, "याची दुसरी खेप." अक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, त्यांच्याशी संसार करून आता इतकी तयार झालीय की घरात पाहुणे आले की आधी हंड्यांकडे बघते आणि मग पाहुण्यांकडे.

आम्ही नांदेडकर त्यांच्या लेखी उधळे. "तुमचं काय बाबा, तुम्ही गोदावरीवाले," हे वाक्य माझ्या लग्नापासून मी ऐकतोय. विष्णुपुरीचा जलाशय आटला की आमच्याही नळांना घरघर लागते, हे त्यांना पटत नाही. दोन्ही गावांनी राज्याला मुख्यमंत्री दिले, दोन्ही गावं महसूल आयुक्तालय आपल्याकडेच हवं म्हणून भांडली. त्या भांडणाचं एक टोक आमच्या जेवणाच्या ताटाजवळ कायम असतं. दाजी हरायला आले की गोदावरी काढतात आणि मी हरायला आलो की चर्चा थांबवून भाकरी मागतो.

प्रवासाला नांदेड-पनवेल गाडी ठरली. आम्ही नांदेडला बसणार, दाजी-अक्का आणि त्यांचा चार वर्षांचा नातू रात्री लातूरला चढणार. खरं म्हणजे दाजींना लातूर-मुंबई गाडीनेच जायचं होतं. पण 2017 साली ती गाडी बिदरपर्यंत वाढवली, तेव्हा लातुरात मोठं आंदोलन झालं होतं आणि दाजींच्या मनातलं ते आंदोलन अजून मागे घेतलेलं नाही. "बिदरची गाडी" असं म्हणून ते तिच्याकडे पाठ करतात.

लातूर स्टेशनात गाडी थांबली आणि डब्याच्या दारातून आधी सामान आलं. दोन वीस-वीस लिटरचे पाण्याचे जार. गोणपाटात गुंडाळलेला माठ. ताडपत्री, घमेलं, खोरं. नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं. चार लाकडी खुंटे, बैल बांधायचे, दीड-दीड फुटी. धपाट्यांचा डबा, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, येसराची पिशवी, चुरमुऱ्यांचं पोतं. त्यानंतर नातू, मग अक्का, आणि गाडी हलल्यावर दाजी. वरच्या बर्थवरच्या माणसाने डोळे उघडून जारांकडे बघितलं आणि विचारलं, "कुठं लग्न आहे का?"

"समुद्रावर चाललोत," दाजी म्हणाले.

तो माणूस कूस बदलून झोपला. त्याला जे कळलं नसेल ते मला कळत होतं. 2016 च्या एप्रिलमध्ये याच रुळांवरून मिरजेहून कृष्णेचं पाणी लातूरला आलं होतं. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं, शहराचे नळ बंद, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचं 144 कलम. 11 एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची पहिली गाडी सुटली, पंढरपूर-कुर्डूवाडी करत पहाटे लातूरला पोचली. पाच लाख लिटर पाणी, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. तिचं नाव जलदूत पडलं, लोकांनी इंजिनाला हार घातले. पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली आणि पावसाळा लागला तरी ती येतच राहिली. त्या दिवसांत दाजी रोज सकाळी स्टेशनात जाऊन वाघिणी मोजून येत. मोजायचं काम त्यांचं नव्हतं. तरी मोजत.

आणि आता त्याच मार्गावरून चाळीस लिटर पाणी उलट्या दिशेने, अरबी समुद्राकडे निघालं होतं. कुर्डूवाडी गेल्यावर दाजींनी जारांच्या बुचांवरून एकदा हात फिरवला आणि मग डोळा मिटला.

पनवेलहून गाडी करून पेण, वडखळ, अलिबाग, नागाव. वाडीत पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेले होते. पोरं सरळ पाण्याकडे पळाली. माझा थोरला नऊ वर्षांचा, धाकटी सहाची आणि मागून चड्डी सांभाळत नातू. दाजी मात्र विहिरीकडे गेले. वाकून आत बघितलं, खडा टाकला, कान दिला. पाणी हाताशी होतं. अगदी वर, बादलीला पुरती दोरीही लागू नये इतकं. मे महिन्यात, न सांगता, न भांडता विहीर अर्ध्याहून जास्त भरलेली! दाजींच्या तोंडावर आनंद दिसेल असं मला वाटलं होतं. दिसला तो संशय. "मचूळ असणार," ते म्हणाले. ओंजळभर पाणी तोंडात घेऊन बराच वेळ घोळवलं आणि थुंकून निकाल दिला, "थोडं आहे."

थोडं म्हणजे मचूळपणा की गोडवा, हे त्यांनी सांगितलं नाही. जारांना मात्र त्यांनी तंबूत मानाची जागा दिली.

तंबू उभे करताना दाजींचा पहिला विजय झाला. वाडीतला पोरगा वीतभर लोखंडी खिळे घेऊन आला होता. वाळूत ते ठोकले की वारा आल्यावर एकेक उपटून हातात येत. पोरगा चौथ्यांदा ठोकायला लागला, तेव्हा दाजींनी त्याला बाजूला केलं, खुंटे काढले, तिरके धरून खोऱ्याच्या पाठीने ठोकले आणि नायलॉनची दोरी गाठ मारून ताणली. "बैल उधळला तरी हालत नाही, हे काय कापड," ते म्हणाले. शेजारच्या तंबूत पुण्याचं एक कुटुंब होतं, आईवडील आणि दोन मुलं, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या टोप्या. त्या गृहस्थांनी येऊन खुंट्यांचा फोटो काढला. "हे ऑनलाइन मिळतं का हो?" दाजी म्हणाले, "लातूरच्या बाजारात मिळतं. आडत लाइनीच्या पल्याड."

यानंतर मात्र कोकणाने दाजींना जागोजाग पाण्यात बघितलं, आणि पाणी म्हणजे इथे हवेतलं.

दाजींचा सगळा बंदोबस्त एका गृहीतावर उभा आहे. जे ओलं आहे ते वाळणार, म्हणून ते सांभाळायचं. चाळीस-पन्नास वर्षं या गृहीताने त्यांना दगा दिला नव्हता. लातुरात मे महिन्यात टॉवेल दोरीवर टाकून चिमटा शोधायला गेलं तर चिमटा सापडेपर्यंत टॉवेल वाळतो. इथे सकाळी टाकलेला टॉवेल संध्याकाळी हाताला गारगार लागला. दाजींनी तो उलटा केला, दुसऱ्या दोरीवर टाकला, वाऱ्याच्या तोंडावर टाकला. रात्री विजेरी घेऊन बघून आले. "वाळंना गेलाय," त्यांनी अक्काला सांगितलं. सुरात काळजी होती, घरात कुणी जेवेनासं झाल्यावर असते तेवढी. दुसऱ्या दिवशी पोरांच्या चड्ड्या त्याच वाटेने गेल्या. दोरीवर तीन पोरांच्या सहा ओल्या चड्ड्या, दोन टॉवेल आणि एक बनियन. दाजी येता-जाता प्रत्येकाला हात लावून बघत आणि काहीच न बोलता पुढे जात.

मग माठ. लातूरहून गोणपाटात आणलेला, चुलत्याच्या शेतावर उन्हाळाभर बर्फाला लाजवणारा माठ. त्याचं गार होणं हे त्याच्या अंगातून झिरपणारं पाणी उडून जाण्यावर असतं, आणि कोकणातल्या हवेत आधीच इतकं पाणी की नवं घ्यायला तिला जागा नाही. माठाच्या अंगाला घाम आला, तो तिथेच राहिला, आतलं पाणी होतं तसंच कोमट. दाजींनी त्याला ओलं फडकं गुंडाळलं, सावलीत ठेवलं, वाळूत अर्धा पुरला. काही उपयोग नाही. माठासारखीच गत दाजींची. त्यांनी आयुष्यभर बेचाळीस-त्रेचाळीस अंश अंगावर घेतले, कधी तक्रार नाही. इथे चौतीस होते आणि सदरा पाठीला चिकटला होता. "आमच्याकडं घाम येतो अन् जातो," ते वारा घालत म्हणाले, "इथं येतो अन् बसतो."

पापड मऊ, काडेपेटी सर्द, मिठाचा खडा झालेला. धपाटे टिकले. लातूर-नांदेडकडचा कुठलाही प्रवास धपाट्यांनी टिकवलाय, समुद्राने त्यात काही नवं केलं नाही. चुरमुरे पहिल्याच रात्री मऊ पडले, पण अक्का त्यांचा सुशीलाच करणार होती. सुशीलाला चुरमुरे भिजवून पिळूनच घ्यायचे असतात, तेव्हा तेवढं एक काम कोकणाने फुकट करून दिलं. पुण्याच्या बाईंनी तो खाऊन "हे पोहेच का?" असं विचारलं. अक्काने त्यांना उत्तर न देता आणखी वाढला, यातच काय ते आलं.

पोरं तंबूवर खूश होती. पडद्याची चेन वर-खाली करायची, आत विजेरी लावून सावल्या पाडायच्या, वाळू आत आणायची आणि आत वाळू आली म्हणून एकमेकांच्या नावाने ओरडायचं. पहिल्या रात्री आत इतकं उकडत होतं की शेवटी सगळे बाहेर, ताडपत्रीवर आडवे झाले. थोरल्याने विचारलं, "दाजीमामा, तुम्ही याआधी कधी तंबूत राहिलात?"

"राहिलो की. त्र्याण्णवला. चांगले पाच-सहा महिने."

"पाच-सहा महिने! कुठं?"

"घरापुढंच."

1993 च्या 30 सप्टेंबरला, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बोळवून आलेली माणसं झोपेत होती. त्यानंतर कित्येक महिने जिल्ह्यातली माणसं डोक्यावर स्लॅब नको म्हणून अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये, साड्या बांधून केलेल्या आडोशात झोपत. दाजी तेव्हा पंचविशीतले. यातलं काही त्यांनी थोरल्याला सांगितलं नाही.

"मज्जा असेल ना? शाळा?"

"शाळा बंद होती," दाजी म्हणाले.

"वॉव," थोरला म्हणाला. दाजींनी त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि उठून खुंट्यांच्या गाठी बघून आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कामाला हात घातला. पोरांनी किनाऱ्यावर खड्डा खणला होता आणि प्लॅस्टिकच्या बादल्यांनी समुद्राचं पाणी आणून त्यात ओतत होती. पाणी ओतलं की वाळू ते पिऊन टाकायची. पुन्हा पळायचं, पुन्हा ओतायचं. मुलांचा हा खेळ जगातल्या सगळ्या किनाऱ्यांवर चालतो आणि आईबाप लांबून कौतुकाने बघतात. दाजींना ते बघवेना. पाणी डोळ्यांदेखत जिरतंय! "थांबा," ते म्हणाले आणि ताडपत्री घेऊन आले.

पुढच्या तासाभरात रेवदंड्याच्या अलीकडे शेततळं झालं. 2016 ला सरकारने 'मागेल त्याला शेततळे' काढलं, तेव्हा दाजींनी अशी किती तळी मोजून दिली असतील कोण जाणे. इथेही मोजणी झाली. सहा फूट लांब, चार रुंद, दीड खोल. "हजार लिटर बसतंय," त्यांनी तोंडी हिशेब सांगितला. बांध घातला, उतार काढला, ताडपत्री अंथरून कडा वाळूत दाबल्या. पुण्याची दोन मुलं आली, वाडीवाल्याची नात आली. सहा मजूर झाले.

"चारच्या वर एका जागी जमायचं नाही," दाजींनी सांगितलं. "रांगेनं यायचं." जमावबंदीच्या हुकुमाच्या आवाजातलं ते वाक्य ऐकून लातूरचा नातू लगेच रांगेत उभा राहिला. बाकीच्यांना रांग शिकवावी लागली.

धपाट्यांच्या डब्यातल्या कागदावर खेपांची नोंद सुरू झाली. माझ्या धाकटीने अर्धी बादली आणून पूर्ण खेप सांगितली. दाजींनी ती जागेवर नामंजूर केली. "हे असलं आमच्याकडं लई चालायचं," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "टँकर अर्धा आणायचा अन् सही पुऱ्याची मागायची. जीपीएस बसवल्यापासून कमी झालं." धाकटी रुसली, मग पुढची बादली तिने इतकी भरून आणली की निम्मी तिच्याच अंगावर सांडली. दाजींनी शेरा लिहिला : वाहतुकीत गळती.

अकराच्या सुमाराला पाणी पार लांब गेलं होतं. पोरं वाळूतून धावत जायची, धापा टाकत यायची. दाजींनी दुपारची सुट्टी दिली. जेवून, झोपून, साडेतीनला काम पुन्हा सुरू झालं तेव्हा एक चमत्कार घडायला लागला. खेपा झपाट्याने वाढल्या. सकाळी एका खेपेला जेवढा वेळ लागायचा, त्यात आता दोन व्हायला लागल्या, मग तीन. दाजी कागदावर रेघा ओढत होते. "बघ," ते मला म्हणाले, "जेवण वेळेवर दिलं की मजूर काम करतो. नियोजन लागतं."

वाडीवाल्याचे वडील लुंगी सावरत किनाऱ्याने चालले होते. सत्तरीच्या पुढचे, कमरेत कोयता. ते थांबले, तळ्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं.

"बरं बांधलंय," ते म्हणाले. "सव्वापाचला जाईल."

"कोण जाईल?" दाजींनी विचारलं.

"हे. तळं. आज सप्तमी ना."

आणि ते पुढे गेले. दाजींना त्या बोलण्याचा राग आला. काम चालू असताना बाहेरच्या माणसाने येऊन असं अशुभ बोलावं? पण सप्तमी आणि सव्वापाच यांचा संबंध काय, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. रेघा ओढता ओढता ते पुटपुटत होते. मी पुढे बोलणार तोच ते थांबले. पेन हवेत राहिलं.

"सात पाऊण सव्वापाच," ते म्हणाले.

पाऊणकी! ज्यांच्या पाठीवर गुरुजींनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी चढवली, त्यांच्यातले दाजी. माझ्या पिढीला ते पाढे लागलेच नाहीत. मी मनातल्या मनात सातला तीनने गुणून चारने भागत होतो तोवर दाजी म्हाताऱ्याच्या मागे निघालेही होते. मी लांबून बघत होतो. दोघे सुरूच्या झाडाखाली उभे. म्हातारा बोटं दाखवतोय, दाजी मान हलवतायत, मग दाजी बोटं दाखवतायत.

हिशेब असा आहे. पंधरवडा कुठलाही असो, तिथीची पाऊणपट करायची, की कोकणकिनारी भरती पूर्ण कधी होणार ती वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. दिवसा एकदा आणि रात्री एकदा, दोन्हीकडे तीच वेळ, थोडं मागं-पुढं. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज पाऊणएक तास उशिरा डोक्यावर येतो, त्याच्यामागून समुद्रही तेवढाच उशीर करतो, म्हणून पाऊण. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. किनाऱ्यावरचे कोळी आणि वाडीवाले हे घड्याळ पिढ्यानपिढ्या वापरतात. दाजींच्या घरी भिंतीवर दिनदर्शिका आहे, तिच्यात तिथी आहे, पाऊणकी त्यांना झोपेत येते, आणि तरीही एवढी मोठी सार्वजनिक योजना रोज दोनदा चालते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पाचला पाणी बांधाला लागलं. पोरं किंचाळायला लागली. नातवाने वाकून बघितलं, त्याचे डोळे मोठे झाले, आणि घरी नळ सुटल्यावर तो जे ओरडतो तेच त्याने जिवाच्या आकांताने ओरडायला सुरुवात केली : "आबा, पाणी आलं! पाणी आलं! बादल्या लावा!"

पुण्याच्या मुलांना त्यात काय विशेष हे कळेना. नातू मात्र बादली, मग, वाळूचे साचे, जे हाताला येईल ते लाटेसमोर मांडत सुटला. एका लाटेने तळं भरलं, हजार लिटर, एका खेपेत. दुसरीने बांध नेला. तिसरीने ताडपत्री उचलली, आणि मी, दाजी आणि ते पुणेकर गुडघाभर पाण्यात तिच्या तीन टोकांना धरून उभे राहिलो.

"किती वाजले?" दाजींनी विचारलं.

मी घड्याळ बघितलं. "पाच अठरा."

"तीन मिनिटं लेट," दाजी म्हणाले. आणि त्या प्रवासात पहिल्यांदा मी त्यांना हसताना बघितलं. अंगावरचा सदरा भिजून चिंब होता, तो आता चार दिवस वाळणार नव्हता, आणि त्याची त्यांना काही पडलेली नव्हती. ताडपत्रीचं टोक मनगटाला गुंडाळून ते पाण्याकडे बघत होते. "हे पाणी सोडतं कोण? ना कोर्ट, ना आयोग. तुमच्या बाभळीला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं."

बाभळी म्हणजे धर्माबादजवळचा गोदावरीवरचा आमचा बंधारा. 2013 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला, तेव्हापासून 1 जुलैला दरवाजे उचलायचे आणि 28 ऑक्टोबरपर्यंत उघडे ठेवायचे. म्हणजे पावसाळाभर नदी वाहते तेव्हा दरवाजे उघडे, आणि नदी बारीक झाली की बंद. नांदेडकराच्या या जखमेवर दाजी एरवी मीठ चोळतात. त्या संध्याकाळी चोळलं नाही. उलट म्हणाले, "तुमचंबी खरंच लई नुकसान झालं रे." मी चपापलो. खाऱ्या पाण्याने माणूस इतका नरम पडत असेल तर आयुक्तालयाची बैठक इथेच भरवायला हरकत नव्हती.

उरलेले दिवस दाजी वाडीत वेळ सांगत फिरले. सकाळी अष्टमी लागल्यावर "आज सहाला," नवमीला "पावणेसात." पुणेकरांच्या फोनमध्ये भरतीचं ॲप होतं. त्यात आणि दाजींच्यात कधी दहा, कधी वीस मिनिटांचा फरक यायचा. दाजींच्या मते ॲपला तिथीची क्षय-वृद्धी कळत नाही. पुणेकर वाद घालत राहिले, पण पोरांना पाण्यात सोडायचं की नाही हे मात्र दाजींना विचारून ठरवायला लागले. दाजी पोरांना ओहोटी लागल्यावर घोट्यापलीकडे जाऊ देत नव्हते. ओढ असते, असं म्हाताऱ्याने सांगितलेलं. त्यांनी नायलॉनच्या दोरीचं एक टोक खुंट्याला बांधलं, दुसरं नातवाच्या कमरेला, आणि मध्ये बसून शेंगा सोलत राहिले.

निघायच्या दिवशी दोन्ही जार तंबूत तसेच होते. एकाचं बूच उघडलेलं, एक सीलबंद. विहिरीचं पाणी सगळ्यांनी प्यायलं, कुणाला काही झालं नाही. आता हे चाळीस लिटर परत लातूरला न्यायचे, की काय करायचं? ओतून देणं दाजींच्या हातून होणार नव्हतं, हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं. कुणी ते सुचवलंही नाही. शेवटी दाजींनी सीलबंद जार म्हाताऱ्याला दिला. म्हाताऱ्याने विचारलं, "हे कसलं?"

"मांजरेचं," दाजी म्हणाले.

म्हाताऱ्याने जार उजेडात धरून बघितला, आणि बदल्यात एक शहाळं कापून दिलं. व्यवहार बरोबरीचा झाला असं दाजींना वाटलं असावं, कारण त्यांनी कागदावर काही लिहिलं नाही.

आता दाजी लातूरला, समुद्रापासून घाट आणि कित्येक जिल्हे अलीकडे, रोज सकाळी दिनदर्शिकेत भरतीची वेळ लिहितात. नांदेडला मला फोन येतो, "आज एकादशी. सव्वाआठला." मी "बरं" म्हणतो. माझी बायको विचारते, "पाणी येणार का?" मी म्हणतो, "हो, अलिबागला."

पण त्यांचं खरं काम वेगळंच चाललंय, हे अक्काने सांगितलं. भरतीच्या शेजारच्या रकान्यात ते लातूरचा नळ कधी आला ते लिहितायत. जे समुद्राला लागू पडतं ते नळाला का पडू नये, असा त्यांचा सवाल आहे. तिथीची पाऊणपट करून बघितली, दीडपट करून बघितली, सवायकी लावली, वार धरला, नक्षत्र धरलं. अजून हाती काही आलेलं नाही.

"एकादशीला मात्र येत नाही," परवा त्यांनी मला फोनवर सांगितलं. "सलग तीन वेळा बघितलं. उपास धरतो बहुतेक."